काखेतला कांदा

मी शिक्षिका, आमच्याकडे शिक्षण परिषदेला म्हणजे शिक्षकांच्या बैठकीला मागच्या वर्षी सगळ्यांना एकेक केस स्टडी लिहून आणायला सांगितली होती, नमुना पण दिला होता, नाव वय इयत्ता समस्या कारणे उपाय निष्कर्ष असे रकाने. मी माझ्या भाच्यावर लिहायला बसले आणि ‘समस्या’ या रकान्यातच अडले. त्याची रक्ताच्या कॅन्सरची ट्रीटमेंट संपून तेव्हा पाच महिने झाले होते, रिपोर्ट चांगले, वजन वाढलेलं, केस परत आलेले आणि ते पण कुरळे, कागदावर बघितलं तर पोराला काही समस्याच नव्हती, आणि घरात मात्र एक दिवस धड जात नव्हता. शेवटी ‘अध्ययनात मागे’ असं काहीतरी लिहून कागद देऊन टाकला. तो कागद खोटा नव्हता पण खरा पण नव्हता. आता वर्ष उलटलंय, बहिणीला विचारलं, ती म्हणाली लिही आक्का पण नावं-गावं नको. म्हणून हे सगळं पहिल्यापासून.

घर सांगली जिल्ह्यातल्या उसाच्या पट्ट्यातलं. माझी धाकटी बहीण, तिचे मिस्टर डेअरीत दूध संकलनाला, सासूबाई, थोरली मुलगी आणि हा धाकटा, ज्याला घरात सोन्या म्हणतात, तेच इथं ठेवते. सोन्या तीन वर्षांचा असताना पाय दुखतात म्हणून रात्री रडायला लागला, ताप यायचा जायचा, चेहरा पांढराफटक पडला. जवळच्या दवाखान्यात टायफॉईड म्हणून पंधरा दिवस सलाईन झाली, मग पोटावर निळे डाग दिसले तेव्हा कुणीतरी रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन साडेपाच आणि प्लेटलेट अठरा हजार, ज्या किमान दीड लाख पाहिजेत. त्याच रात्री गाडी करून मुंबई.

आजार म्हणजे अक्युट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, फाईलवर नुसतं एएलएल. लहान मुलांना होणाऱ्या कॅन्सरमध्ये हाच सगळ्यात जास्त आढळतो आणि तो पण साधारण दोन ते पाच या वयात. बरा होतो हे पण खरं आहे, प्रगत देशांत दहातली जवळपास नऊ मुलं बरी होतात, आपल्याकडे ट्रीटमेंट कुठं घेतली आणि पुरी केली का यावर खूप काही असतं. कारण ट्रीटमेंट दोन-अडीच वर्षांची आणि पोर पहिल्या महिना-दीड महिन्यातच बरं दिसायला लागतं, मग उसाची तोड आली, पैसे संपले, घरी म्हातारी माणसं एकटी, असं करत लोक गावी जातात आणि परत येत नाहीत. माझ्या बहिणीनं एक तारीख चुकवली नाही हे मी मुद्दाम इथं लिहितेय, कारण पुढं तिच्याबद्दल बरंच काही लिहिणार आहे जे वाचून ती वेडी वाटेल.

पहिले आठ महिने ती आणि सोन्या मुंबईत. दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत नंबर लागला म्हणून निभावलं. केमोचा बराच खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसला, पण राहणं-खाणं, प्लेटलेट द्यायला माणसं शोधणं, बापाच्या बुडालेल्या हजेऱ्या हे कुठल्याच योजनेत बसत नाही, त्यासाठी बारा गुंठे गहाण पडले आणि तिच्या पाटल्या गेल्या. थोरली तेव्हा सहा वर्षांची, पहिलीत. ती माझ्याकडे राहिली. हे लक्षात ठेवा.

मग दोन वर्षं मेंटेनन्स, म्हणजे घरी राहून गोळ्या. रोज रात्री एक गोळी, जेवणानंतर बऱ्याच वेळानं आणि दुधाशिवाय, आठवड्यातून एकदा दुसरी गोळी, महिन्यातून पाच दिवस स्टेरॉईड, अधूनमधून मुंबईला पाठीतलं इंजेक्शन. बहिणीच्या मोबाईलवर रात्री नऊचा अलार्म. आणि एक नियम डोक्यात ठोकून बसवलेला, ताप १००.४ च्या वर गेला की थांबायचं नाही, स्वतःच्या मनानं पॅरासिटामोल देऊन वाट बघायची नाही, लगेच दवाखाना गाठायचा. कारण रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी असताना साधा वाटणारा ताप पण काही तासांत जीवावर बेतू शकतो. घरात पाणी उकळून, फळ सोलायचं असेल तरच द्यायचं, बाहेरचं काही नाही, गर्दीत नाही, लग्नाला नाही. शेजारच्या बाळाला पोलिओचे थेंब दिले तर ते बाळ काही दिवस सोन्याजवळ आणायचं नाही इथपर्यंत, कारण त्या थेंबांतला विषाणू जिवंत असतो.

हे सगळं बरोबर होतं बरं का. एकूण एक गोष्ट बरोबर होती. यातूनच पुढचा घोळ झाला म्हणून सांगते.

मार्चमध्ये डॉक्टर म्हणाले ट्रीटमेंट संपली, गोळ्या बंद, पोर्ट म्हणजे औषध द्यायला कातडीखाली बसवलेली नळी काढून टाकली, आता फक्त तपासायला यायचं. गावात पेढे वाटले. बहीण मला म्हणाली, "आक्का, गोळ्या होत्या तवर बरं होतं गं, आता काय करायचं?" मला तेव्हा ते कळलंच नाही, मी म्हटलं अगं वेडी का तू, देवाचे आभार मान. आता वाटतं की तिनं पहिल्याच दिवशी सगळं बोलून दाखवलं होतं, मी शिक्षकी आवाजात गप्प केलं.

जूनमध्ये सोन्या गावातल्या शाळेत पहिलीला बसला. बहीण तीन आठवडे वर्गाबाहेरच्या पायरीवर बसून होती, उन्हात पावसात. गुरुजी बिचारे काही बोलले नाहीत. मधल्या सुट्टीत पोरं ओळीनं ताटं घेऊन खिचडीला बसायची आणि हा व्हरांड्यात एकटा डब्यातली मऊ चपाती खायचा. घरी रात्री दोन वेळा उठून ती कपाळाला हात लावायची, उशाखाली थर्मामीटर, आणि नऊचा अलार्म तसाच वाजायचा, गोळी नाही तरी वाजायचा, बंद करायचं कुणाला धाडस होत नव्हतं. खेळताना नडगीला लागून काळंनिळं झालं की दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या लॅबमध्ये सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी. जून ते ऑगस्ट तीन महिन्यांत तिनं खासगीत अकरा सीबीसी केल्या होत्या, मिस्टरांना पाचच माहिती होत्या. बाकीचे पैसे बचत गटातून उचलले होते.

आणि सोन्या? सोन्याला अक्कल होती. अडीच वर्षांत त्याला एक गोष्ट पक्की कळली होती की ‘दुखतंय’ म्हटलं की सगळं घर थांबतं. अभ्यासाला बसवलं की पोट दुखतंय. भाजी नको असली की उलटी येतीय. एकदा मी पाढे म्हणायला लावले तर कपाळाला हात लावून म्हणतो कसा, मावशी माझ्या पेशी कमी झाल्यात वाटतं. मी हसले, पण बहिणीचा चेहरा बघितला आणि हसू गेलं. बाप तर काहीही मागितलं तरी आणून द्यायचा, मोबाईल, रिमोटची गाडी, रात्री अकराला वडापाव. बापाचं एकच म्हणणं, पोरानं सुया किती खाल्ल्यात बघितलंय मी, मला नाही म्हणता येत नाही. मग नाही म्हणायला लागू नये म्हणून तो रात्रपाळीच घ्यायला लागला.

लाड असे सुरू होतात ना ते लाड म्हणून सुरू होत नाहीत हे लक्षात घेतलं पाहिजे. स्टेरॉईडच्या दिवसांत पोराला राक्षसासारखी भूक लागते, पहाटे तीनला उठून वरणभात मागतो, रडतो, चिडतो, चावतो, ते औषधामुळं असतं आणि तेव्हा मागेल ते देणं हेच शहाणपण असतं. पण त्या दिवसांची सवय स्टेरॉईडबरोबर संपत नाही.

शाळेतला एक किस्सा सांगते, हसावं का रडावं तुम्ही ठरवा. घरात ‘कॅन्सर’ हा शब्द कुणी उच्चारायचा नाही असं ठरलेलं. सासूबाई ‘रक्ताचं’ म्हणायच्या, बहीण ‘ते’ म्हणायची, सोन्याला सांगितलेलं की तुझं रक्त कमी झालं होतं. आणि पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर शाळेनं कुणाला न विचारता त्याचा सत्कार ठेवला, शाल श्रीफळ, आणि माईकवरून ‘कॅन्सरवर मात करणारा आपला चिमुकला वाघ’. पोराला स्वतःच्या आजाराचं नाव लाऊडस्पीकरवरून कळलं. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगत सुटला, मला कॅन्सर झाला म्हणून नारळ मिळाला, तुम्हाला नाही मिळाला. आठवडाभरात दोन आयांनी आपापली पोरं त्याच्या शेजारून उठवली, लागेल म्हणून. कॅन्सर लागत नाही हे मी स्वतः त्यांच्या घरी जाऊन सांगितलं, त्यांनी चहा दिला, हो हो म्हणाल्या, पोरं काही परत बसवली नाहीत. शाळेचा हेतू चांगला होता यात शंका नाही. पण हा वाघ-फायटर प्रकार मला अजिबात आवडत नाही, तीन वर्षांच्या पोराला सुया टोचल्या आणि तो रडला, यात त्यानं लढाई काय केली. आणि वाघ म्हटल्यावर पुढं त्याला रडायची पण चोरी.

वर्गात तो मागे होता हे खरंच होतं. फळ्यावरून उतरवून घ्यायला वेळ लागायचा, बेरीज तोंडी यायची पण कागदावर गडबडायची, पेन्सिल धरली की पाच मिनिटांत बोटं दुखायची. हे नाटक नव्हतं. केमोतलं व्हिन्क्रिस्टिन नावाचं औषध हातापायाच्या नसांवर परिणाम करतं, आणि पाठीतून दिलेल्या औषधांनी काही मुलांचा विचार करायचा वेग, लक्ष टिकणं थोडं कमी होऊ शकतं, गणितात ते जास्त दिसतं. घरात कुणालाच हे माहिती नव्हतं त्यामुळं गंमत अशी की जिथं खरी अडचण होती तिथं सगळे म्हणायचे आळशी झालाय लाडानं, आणि जिथं नाटक होतं तिथं गाडी काढून दवाखान्यात.

आता कांद्याचं.

गौरी-गणपतीच्या आसपासची गोष्ट. थोरली तेव्हा नऊ वर्षांची, चौथीत. समजूतदार म्हणून गावभर नाव. लहान असून किती समजून घेते, आईला कामाला हातभार लावते, भावाला काही बोलत नाही, असं सगळे म्हणायचे, मी सगळ्यात जास्त. एका सकाळी शाळेला जायच्या वेळी ती आईला म्हणाली मला ताप आलाय. बहिणीनं हात लावून बघितलं, म्हणाली काही नाही, जा शाळेत. थर्मामीटर लावला नाही. पोरगी गेली. दुपारी बाईंचा फोन आला की हिच्या अंगाला कसला तरी वास येतोय, आणि बघितलं तर दोन्ही काखेत अर्धा अर्धा कांदा दाबून धरलेला. काखेत कांदा ठेवला की ताप येतो असं पोरं एकमेकांना सांगत असतात, आपण पण लहानपणी ऐकलंय, तिनं ते खरं धरलं. सकाळपासून चार तास हात अंगाला चिकटवून बसली होती, लिहिताना पण.

बहिणीनं तिला बडवलं. मग रडली. मग मला फोन केला. मी संध्याकाळी गेले, पोरगी माझ्याशी पण बोलेना, रात्री झोपताना भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "मावशी, मला खरा ताप आणायचा होता. आई थर्मामीटर लावते का बघायचं होतं."

मला तिथं आठवलं की ती आठ महिने माझ्याकडं होती तेव्हा मी तिला काय सांगायचे. आईला फोनवर रडून दाखवू नको हां, आई टेन्शनमध्ये आहे. हे मी सांगायचे. आणि पोरगी खरंच रडली नाही, आठ महिन्यांत एकदाही नाही, आणि मी बाकीच्यांना कौतुकानं सांगत फिरले. तिला कुणी कधी सांगितलं पण नव्हतं की भावाला नेमकं काय झालंय. आई एका रात्री गाडीत बसून गेली आणि आठ महिने आली नाही, आणि आली तेव्हा बरोबर टक्कल पडलेला, तोंड सुजलेला एक पोरगा होता जो तिचा भाऊ असल्याचं सांगत होते. नंतर समुपदेशक मॅडमना तिनं सांगितलं की तिला वाटायचं तिनंच सोन्याला ओट्यावरून ढकललं होतं म्हणून त्याच्या पायाला ते झालं. तीन वर्षं हे पोटात घेऊन फिरत होती.

तेव्हा कळलं की मी केस स्टडी चुकीच्या मुलावर लिहिली होती. किंवा मुलावर लिहायचीच नव्हती.

पुढच्या तपासणीला मुंबईला मी बरोबर गेले आणि तिथल्या समुपदेशक मॅडमना हे सगळं सांगितलं, कांद्यासकट. त्या अजिबात दचकल्या नाहीत. म्हणाल्या याला जुनं नाव आहे, १९६४ साली अमेरिकेत मॉरिस ग्रीन आणि आल्बर्ट सॉल्निट या दोन डॉक्टरांनी पंचवीस मुलांवर लेख लिहिला होता, जी मुलं कधीतरी मरता मरता वाचली आणि नंतर ठणठणीत असून आईवडील त्यांना कायम हातातनं निसटणारं मूल म्हणूनच वाढवत राहिले. त्यांनी त्याला व्हल्नरेबल चाइल्ड सिंड्रोम म्हटलं. लक्षणं सांगितली ती ऐकताना बहीण खाली बघत बसली होती, आईपासून सुटत नाही, सतत शरीराच्या तक्रारी, कुणी शिस्त लावत नाही, शाळेत मागे. साठ वर्षांपूर्वी कुणीतरी अमेरिकेत बसून आमच्या घराचं वर्णन केलं होतं. बहीण बाहेर आल्यावर म्हणाली, म्हणजे मी एकटी न्हाई तर. मला वाटलं तिला वाईट वाटेल, तिला बरं वाटलं.

मॅडमनी एक काम केलं जे मला अजून सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ‘काळजी करू नका’ हे त्या म्हणाल्या नाहीत. पॉझिटिव्ह राहा हे पण नाही. त्यांनी डॉक्टरांना बोलावून एका कागदावर मराठीत लिहून घेतलं की आता नियम काय आहेत. जुना नियम गेला हे बहिणीला तोंडी सांगून झालं होतं, पण जुना नियम कसा, आकड्यासकट, वेळेसकट, छातीवर कोरलेला होता, आणि नवा म्हणजे नुसतं ‘आता नॉर्मल वागा’. नॉर्मल म्हणजे किती डिग्री? त्या कागदावर होतं, ताप आला तर पॅरासिटामोल द्यायचं, खेळत-खात असेल तर घरीच, तीन दिवसांच्या वर गेला तर गावच्या बालरोग डॉक्टरांकडं. नडगीवरचे, गुडघ्यावरचे डाग मोजायचे नाहीत, पोटावर पाठीवर काही न लागता डाग दिसले, चेहरा पांढरा पडला, मानेत गाठी, सतत पाय दुखणं, तर फोन. सीबीसी फक्त तपासणीच्या तारखेला. खिचडी खायची. (हे सगळं सोन्याच्या डॉक्टरांनी सोन्यासाठी लिहिलेलं आहे, पोर्ट निघालेला, पेशी भरलेल्या, म्हणून. दुसऱ्या कुणी हा कागद आपल्या पोराला लावू नका, आपल्या डॉक्टरांकडून आपला लिहून घ्या.) तो कागद बहिणीनं लॅमिनेट करून देव्हाऱ्याशेजारी लावलाय.

लसी पण परत द्यायच्या होत्या, केमोनं आधीच्या लसींचं संरक्षण बरंचसं कमी होतं, आणि गोवर, कांजिण्यासारख्या जिवंत लसी ट्रीटमेंट संपून निदान सहा महिने गेल्यावर देतात. सप्टेंबरला सहा महिने भरले, मग ते सुरू झालं. बहिणीला लसीकरण म्हणजे पहिल्यांदाच असं वाटलं की आपण पोरासाठी काहीतरी करतोय, नुसतं वाट बघत नाही बसलोय. मार्चमधल्या तिच्या प्रश्नाचं उत्तर तिला तिथं थोडंसं मिळालं असावं.

घरातलं सांगते कसं कसं बदललं, आणि एका रांगेत बदललं नाही.

खिचडीचा पहिला दिवस बहिणीनं मला फोनवर चालू वर्णन दिलं, लांबून झाडामागून बघत होती. त्यानं दोनदा वाढून घेतली. रात्री तिला झोप नाही, सकाळी पोर ठणठणीत, त्या दिवशी ती पहिल्यांदा बचत गटाच्या मिटिंगला तासभर बसून आली.

दिवाळीनंतर खरा ताप आला, १०१. गावात सगळ्या पोरांना येत होता. बहीण कागदासमोर उभी राहून कागद वाचत होती आणि मिस्टर गाडीची किल्ली घेऊन दारात. ती म्हणाली थांबा, खेळतोय तो. पहिली रात्र दोघं आळीपाळीनं जागले, दुसऱ्या दिवशी उतरला. मिस्टर मला नंतर म्हणाले, वहिनी, मुंबईत पण इतकं भ्यालो नव्हतो. मला नात्यानं आक्का म्हणायला पाहिजे, पण ते लग्नापासून वहिनीच म्हणतात, असो.

नाटकाचं काय केलं, तर पोट दुखतंय म्हटलं की घर थांबवायचं बंद. पोट दुखतंय ना, मग झोप, मोबाईल नाही, टीव्ही नाही, जेवायला पेज. खरं दुखत असेल तर पोर झोपतं. आठ-दहा दिवस घरात तमाशा झाला, सासूबाई एकदा पिशवी भरून लेकीकडं निघून गेल्या की मला हे बघवत नाही. परत आल्या तेव्हा सोन्या कोंबड्यांना दाणे घालत होता, ते काम त्याला दिलं होतं, रोजचं, त्याचं एकट्याचं. सासूबाईंचा दुसरा विषय नवसाचा होता. पोर वाचलं तर जोतिबाला गुलाल उधळायचा असं त्या बोलल्या होत्या आणि बहीण गर्दी, धूळ म्हणून दोन वर्षं टाळत होती, त्यावरून दोघी धड बोलत नव्हत्या. डॉक्टरांना विचारून साधा मधला वार बघून गेले, रविवार नाही, चैत्राची यात्रा नाही. परतताना गाडीत दोघींचं तोंड गुलाबी आणि गप्पा चालू. मी नवस वगैरे मानणारी नाही, पण त्या घरात कुठल्याही डॉक्टरी कागदापेक्षा जास्त काम त्या गुलालानं केलं असेल तर मला नवल नाही. म्हातारीच्या हिशोबानं आजार त्या दिवशी संपला.

अभ्यासाचं माझ्याकडं होतं. जाड पेन्सिल, रोज चपातीच्या कणकेचे गोळे करायला लावायचे, मणी ओवायला, बोटांत ताकद येईपर्यंत लिहिणं अर्धं आणि तोंडी जास्त. गुरुजींना सांगितलं फळ्यावरचं उतरवून घ्यायला त्याला दुप्पट वेळ द्या पण मारामारी केली तर बाकीच्यांसारखंच उभं करा. पहिल्यांदा कोपऱ्यात उभं केलं तेव्हा घरी येऊन अभिमानानं सांगितलं त्यानं. बाकीच्या पोरांसारखी शिक्षा झाली म्हणून. गणित अजून मागेच आहे, तपासणीत सांगितलंय की लक्ष ठेवा, पुढच्या इयत्तांत जास्त कळेल. हृदयाची टूडी इको पण अधूनमधून करत राहायची, कारण केमोतलं एक लाल रंगाचं औषध हृदयाला पुढं कित्येक वर्षांनी त्रास देऊ शकतं. दात पण बघायचे. म्हणजे ‘बरा झाला’ म्हणजे फाईल बंद असं नसतंच. मोठ्या सेंटरना यासाठी वेगळी ओपीडी असते, मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्ये तर ट्रीटमेंट संपलेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळं क्लिनिक आहे, आणि बऱ्या झालेल्या पोरापोरींचा ‘उगम’ नावाचा गट पण आहे, ज्यात लहानपणी हे झालेली आणि आता नोकरी करणारी माणसं आहेत. बहिणीला मी सांगितलं, ती म्हणाली अजून नको, आधी हा सात वर्षांचा होऊ दे.

थोरलीचं सगळ्यात अवघड गेलं आणि ते अजून चालूच आहे. मॅडमनी तिला एकटीला बसवून आजार काय असतो ते चित्र काढून सांगितलं, ढकलल्यानं होत नाही हे तीनदा सांगितलं. घरी ठरवलं की आठवड्यातून एक संध्याकाळ बाप तिला एकटीला गाडीवर घेऊन जाणार, सोन्या रडला तरी. पहिल्या वेळी ती गाडीवर पूर्ण गप्प बसली, इस्लामपूरला जाऊन भेळ खाऊन आले, दोघंही काही बोलले नाहीत. बाप मला म्हणाला, काय बोलायचं कळेना. मी म्हटलं काही नका बोलू, नेत राहा. समजूतदारपणा मात्र तिनं सोडलाय. भावाशी भांडते, उलट बोलते, एकदा त्याच्या रिमोटच्या गाडीवर पाय दिला मुद्दाम. सगळे म्हणतात पोरगी बिघडली. नऊचा अलार्म पण तिनंच एका रात्री डिलीट केला, कुणाला न विचारता, आणि आई ओरडली तेव्हा म्हणाली, कशाला वाजतो मग रोज?

या जूनमध्ये तपासणीची तारीख होती तेव्हा थोरली म्हणाली मला पण यायचंय. बहीण नको म्हणत होती, शाळा बुडेल, गर्दी, तिकीट. मिस्टर म्हणाले येऊ दे. कराडहून महालक्ष्मी एक्सप्रेसनं गेलो, सकाळी दादरला उतरलो. आदल्या रात्री बहीण नेहमीसारखीच जागी होती, ते काही बदललेलं नाही, रिपोर्ट हातात येईपर्यंत ती जेवत नाही.

हॉस्पिटलच्या दारात थोरली थबकली. इतकी माणसं, इतकी टक्कल केलेली पोरं, मास्क, सलाईनचे स्टँड. माझा हात घट्ट धरला. सोन्यानं मागं वळून बघितलं, मग येऊन तिचा दुसरा हात धरला आणि अगदी घरच्यासारखं सांगायला लागला, ताई इथं चप्पल नाही काढायची, इथं आधी फाईल ठेवायची, मग तिकडं रक्त, ती बाई चांगली आहे ती हळू टोचते, ही दुसरी नाही. रक्ताच्या खिडकीपाशी त्याचा नंबर आला तेव्हा त्यानं बाही वर केली आणि थोरलीला म्हणाला, तू बघू नको, तिकडं बघ. तिनं बघितलं. सुई जाईपर्यंत बघत होती. मग म्हणाली, "रोज टोचायचे?"

"रोज नाय," सोन्या म्हणाला. "कधी कधी दोनदा."